थंडी वाजते का?

सुक्या गवताने भरलेला टेंपो रस्त्याने गेला आणि तो वास नाकात शिरला, की मला आजही एका जागी बसवत नाही. सूर्यमाळच्या उतारावर मी आणि माझी धाकटी जाऊ मजुरीने गवत कापत होतो. हिवाळ्यातली सकाळ, दवाने लुगडी कमरेपर्यंत भिजलेली, वर झोंबरा वारा, आणि धुक्यात समोरचं दिसेना. अशा वेळी बाया अधूनमधून कुकारा घालतात, दुसरीने लगेच ओ द्यायची. माझ्या कुकाऱ्याला ओ आली नाही. पुन्हा घातला, तरी नाही. मी धावले. ती उतारावरच बसली होती, ओठ निळे, विळा बाजूला पडलेला. "थंडी वाजते का गं?" "आता नाय वाजत, बाय. बरं वाटतं," ती हसून म्हणाली. मघापर्यंत कुडकुडणाऱ्या बाईची थंडी गेली कुठे? माणूस गारठून मरायला टेकलं, की थंडी वाजायचीच थांबते, हे मी ऐकून होते. तिचं ओलं लुगडं सोडलं, कालचे भारे रचून केलेल्या उडवीत, आतल्या सुक्या गवतात तिला खुपसलं आणि वरून मीच अंग टाकलं. "झोपू नको. शिव्या दे, पण बोल!" किती वेळ तशी होते, ठाऊक नाही. मग तिचे दात वाजायला लागले. "मरते गं थंडीने," ती पुटपुटली आणि मला रडूच फुटलं. आता ती हिवाळ्यात भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. गारठा पडला की सकाळी मी फोन करते आणि तेवढंच विचारते. "लय वाजते," असं ती म्हणाली, की मग कुठे मला चूल पेटवायचं सुचतं.