अप्पांचा वग आणि माझं लिनक्स

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी मी माझ्या वडिलांचा एक राजा, एक राणी, दोन चोर आणि एक बोलका घोडा नाहीसा केला. हे करताना मी शीळ घालत होतो, तेही कबूल केलेलं बरं.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करतो. वडील, म्हणजे अप्पा, कोर्टातून टंकलेखक म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून सावर्ड्याजवळच्या आमच्या गावच्या नमन मंडळासाठी दरवर्षी नवा वग, म्हणजे नमनाच्या शेवटी होणारं नाटक, लिहितात. तोही थेट घरच्या कॉम्प्युटरवर. हा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की अप्पा बटण दाबून आंघोळीला जायचे आणि देवपूजा उरकून परत यायचे. पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाच्या घरात असं यंत्र! मी ठरवलं, जुनी सिस्टीम काढायची आणि लिनक्स टाकायचं.

"माझ्या वगाला काही होणार नाही ना रे?" अप्पांनी विचारलं. "उद्यापासून तालमी आहेत."

"अप्पा, हे माझं रोजचं काम आहे."

(रोजचं नाही. ऑफिसात या कामाला वेगळी माणसं असतात. आम्ही त्यांना फोन करतो आणि वाट बघतो.)

वगाची फाइल मी पेनड्राइव्हवर काढली, दोनदा तपासली, मग जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं. कॉम्प्युटर वीस सेकंदांत सुरू झाला. मी बायकोला, मेघनाला, बोलावून दाखवलं. ती "छान" म्हणाली आणि कुकरकडे परत गेली. मग मी वग उघडला.

शहात्तर पानं होती. सगळी इंग्रजी अक्षरांची. त्यांत एकही शब्द नव्हता, ना इंग्रजी, ना मराठी. मांजर कीबोर्डवर झोपल्यासारखा मजकूर!

कारण मला लगेच कळलं, आणि तेच जास्त वाईट. अप्पा ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे, त्यात खाली इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना वरून मराठी कपडे घालतो. मी अक्षरं जपून ठेवली होती आणि कपडे जाळले होते. तो फॉन्ट एका छापखानेवाल्याने कधीतरी सीडीवरून टाकून दिला होता. छापखाना बंद झाला होता, सीडीवर आम्ही बरीच वर्षं चहाचे कप ठेवत होतो.

"झालं का?" अप्पा दारात.

मी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. "अपडेट चालू आहे."

इथे खरं सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण पन्नाशीच्या मुलाला बापासमोर "माझं चुकलं" म्हणायला जी हिंमत लागते, ती मला पुढच्या अपडेटमध्ये मिळेल असं वाटत होतं.

सोमवारी मी इंटरनेटवरून तसाच दिसणारा एक फॉन्ट आणला. त्यात अर्धी अक्षरं दुसऱ्याच घरात राहत होती. राणी बोलायला लागली की नुसते काने आणि वेलांट्या पडायच्या. अप्पांना सांगितलं, "व्होल्टेज कमी आहे." मंगळवारी मी ऑफिसातून रजा काढून अक्षरं बदलणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला. त्याने चोर नीट केले, पण राजाच्या तोंडात एकही पूर्ण शब्द ठेवला नाही. अप्पांना सांगितलं, "सर्व्हरला प्रॉब्लेम आहे."

"आपल्या घरात सर्व्हर आहे?" मेघनाने विचारलं.

"तू गप्प बस ना जरा."

"मी गप्पच आहे. पण तुम्ही अप्पांना सांगा. नाहीतर मी सांगते."

बुधवारी सकाळी गावाहून बाळू मास्तर आले. हे मंडळाचे म्होरके, आणि वगात राजा नेहमी हेच. पिशवीतून त्यांनी नाचणीचं पीठ आणि पडवळ काढून मेघनाकडे दिलं.

"अप्पानू, पोरां दोन दिस नुसती ढोलकी वाजवतायत. वग खंय हाय?"

"याच्या अपडेटमध्ये आहे," अप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"म्हणजे पावसापातूर येल काय?"

तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला. मी गच्चीवर गेलो. खाली आलो, तर अप्पा कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर मूळ फाइल, तीच मांजर झोपलेली. बाळू मास्तर मागे उभे. मी दारातच थांबलो.

अप्पांनी कीबोर्ड मांडीवर घेतला होता. ते पडद्याकडे बघत होते, हळूहळू कळा दाबत होते आणि बोलत होते. "राजा... कोण... आहे रे... तिकडे?"

"अप्पा, तुम्हाला पाठ आहे?"

"शहात्तर पानं कशी पाठ असतील? वाचतोय."

"हे? हे कसं वाचताय?"

"इथे जे-के-टी-के लिहिलंय ना? मराठी टायपिंगच्या क्लासात कळांवर फडकं टाकून शिकवलंय आम्हाला, आणि तो फॉन्ट त्याच कळांवर चालायचा. जे दाबला की बोटाला र आठवतो. के म्हणजे काना. टी म्हणजे ज. झाला की राजा. तीन दिवस हेच बिघडलं होतं?"

मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. फॉन्ट, सीडी, व्होल्टेज, घरात नसलेला सर्व्हर. सर्व्हरपाशी येईपर्यंत मी दोनदा नाक पुसलं. बाळू मास्तर मध्येच म्हणाले, "जल्ला, पोरगा रडताव काय? अप्पानू, ऱ्हवूद्या आता." अप्पा एवढंच म्हणाले, "बस समोर. मी सांगतो, तू टाइप कर."

रजा वाढवून मी दोन दिवस टाइप केलं. मला नवा मराठी कीबोर्ड धड येत नव्हता, त्यामुळे पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा डेव्हलपर एका बोटाने टाइप करत होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टंकलेखक "अरे, आटप" म्हणत होते. वाचता वाचता अप्पांनी वग सुधारलाही. कुठे काढलं, कुठे घातलं. मी मजकुराकडे लक्ष दिलं नाही, कारण वेलांटी शोधण्यातच माझा जीव जात होता. बाळू मास्तर तोवर आमच्याकडेच राहिले. शुक्रवारी दुपारी छापील वग घेऊन ते एसटीत बसले, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासोबत नारळही दिले.

देवदिवाळीनंतर गावात नमन झालं. घोडा आला, चोर आले, आणि मग परदेशातून शिकून आलेला एक युवराज आला. तो राजवाडा सुधारायला घेतो, सगळं चकचकीत करतो, आणि राजालाच आत जायला दार ठेवत नाही. राजा बाहेर उन्हात उभा, आणि युवराज खिडकीतून सांगतोय, "महाराज, दोन मिनिटं. काम चालू आहे." सगळा गाव लोळत होता. मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मेघनाला म्हटलं, "अप्पांना असली मूर्ख माणसं सुचतात तरी कुठून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढच्या रांगेतली माणसंही वळून माझ्याकडे बघायला लागली.