भिंतीपलीकडची भाकरी

या खेपेला आत्याला पुण्याला घेऊनच यायचं, असं ठरवून निघाले होते. नव्वदी ओलांडलेली बाई होटगीपुढच्या खेड्यात एकटी राहते, याची मला रोज धास्ती वाटायची.

सोलापूर स्टेशनवर सकाळी उतरलात तर सात रस्ता चौकाजवळ नाश्ता उरकून घ्या. पुढे धड चहाही मिळत नाही. होटगीनंतर रिक्षात हाडं खिळखिळी होतात. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, घाई असेल तर स्वतंत्र करा.

आत्या दारातच ज्वारी पाखडत होती. "आलीस व्हय? हात धू, जेव." कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मी पुण्याचा विषय काढला, तर ती सूप घेऊन आत निघून गेली.

पहाटे थपथप आवाजाने जाग आली. आत्याने एक भाकरी थापली, हात थांबवले, कान दिला. भिंतीपलीकडून थपथप आली. मग गल्लीच्या टोकाकडून आणखी एक.

"हायेत दोगी," आत्या म्हणाली. "शांताक्का आन् नीलव्वा. आवाज न्हाय आला की जाऊन बघायचं."

मला हे फारच आवडलं. एकमेकींची हजेरी घेत तिघी शंभरीकडे चालल्या होत्या! उजाडल्यावर फोटो काढायला निघाले.

शेजारच्या दाराला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. टोकाच्या घरी नीलव्वा शेळीला पाला टाकत होती. शांताक्का कुठे गेली, असं तिला विचारलं.

"ती? श्रावणातच वारली की. तुज्या आत्यानंच तोंडात पाणी घातलं."

"मग भाकरी कोण थापतं?"

"मला हितं तिची ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "तुला आली?"

दुसऱ्या पहाटे त्या भिंतीला तळहात टेकवून बसले. आत्या थांबली, आणि भिंत हाताखाली थरथरली.

"आत्या, ती नाहीये गं आता."

"ठावं हाय मला. पर मी थापायची थांबले तर ती बगायला यील की."

मी एकटीच परतले. धास्ती काही गेली नाही, म्हणून पहाटे फोन करते. आत्या तो काटवटीजवळ ठेवून पीठ मळते, भाकऱ्या थापते. परवा हौसेनं मीही एक वेडीवाकडी भाकरी थापली. तिकडे आत्याची थपथप थांबली. मग ती खुशीत म्हणाली,

"आली गं तुजी ऐकू. शांताक्कालाबी आली. आता खाडा करू नको."