चौथ्या शीलापाशी

केसरबाईचं तोंड वाईट, असं माजरीच्या खाण कॉलनीत सगळ्यांचं मत होतं. केसरबाईलाही ते मान्य होतं. "तोंड वाईट हाय म्हणून तर नळावर नंबर लागते," ती म्हणायची.

तिचा नवरा हरिदास मात्र वस्तीत सगळ्यांचा लाडका. खाणीत खाली छताला लाकडी टेकू ठोकायचं त्याचं काम. वर आला की धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल, बोलणं हळू. पौर्णिमेला विहारात त्रिसरण-पंचशील तोच म्हणायचा, आणि त्याच्यामागून सगळी वस्ती. खर्जातला स्वच्छ आवाज. बाया म्हणत, "हरिदासभाऊसारखा शीलवान माणूस, अन् पदरात पडली ही." केसरबाई ऐकून घ्यायची. शीलवान माणसाचा हात किती जड असतो, ते तिच्या पाठीला ठाऊक होतं. पण पाठ काही नळावर येऊन बोलत नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला तो वंदना आटोपून घरी आला, तेव्हा अंगावरचा सदरा अजून पांढराच होता. केसरबाई दाराशी परातीत तांदूळ निवडत होती, चार वर्षांचं पोर अंगणात खेळत होतं. तिनं सांगितलं की कॉलनीतल्या शिवणवर्गात तिनं नाव घातलंय.

"कोणाले विचारून?"

"विचाराचं काय त्यात? दुपारी झोपाच काढतो ना आमी."

हरिदासनं उलट्या हाताची थप्पड उगारली. नेहमीची होती, तिला तिचा अंदाज होता. ती परातीवर वाकली. हात तिच्या डोक्यावरून गेला आणि क्वार्टरच्या लोखंडी चौकटीवर बसला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला.

त्याची आई बायनाबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं पाहिलं. ती आधी मुलाकडे धावली, मग सुनेकडे वळली. "वाकली काऊन तू?" ती ओरडली. "उभी राह्यली असती त काय मेली असती?"

केसरबाईनं परातीतला खडा उचलून बाहेर फेकला.

खाणीच्या दवाखान्यात जायचं तर तिथं कंपाउंडर देवराव. तोच विहार समितीचा अध्यक्ष. त्याला काय सांगायचं? वंदना म्हणून घरी गेलो आणि बायकोवर हात टाकला? बायनाबाईनं मिनिटभर विचार केला. मग तिनं अंगणातली हरिदासची सायकल आडवी पाडली आणि पाट्याच्या वरवंट्यानं तिचा हँडल ठोकून वाकडा केला. चांगली नवी सायकल. "फाटकापाशी पडला," ती म्हणाली. "गिट्टीवर घसरला. समजलं?"

दवाखाना टाळून ते मंगरूकडे गेले. मंगरू जंगलाकडच्या गावातला हाड बसवणारा. त्याच्या ओसरीवर नेहमी कोणी ना कोणी हात नाही तर पाय धरून बसलेलं असायचं. त्याची एक रीत होती. मोडलेल्या अंगाला हात लावण्याआधी तो विचारायचा, कसं मोडलं? आणि ज्याचं मोडलं त्यानंच ते आपल्या तोंडानं सांगायचं. बायको बोलली, आई बोलली, तर तो कानावर हात ठेवायचा. कारण तो ते ऐकूनच बांधायचा. पुढं पडणाऱ्याचं हाड एकीकडे सरकतं, मागं पडणाऱ्याचं दुसरीकडे.

"सायकलवरून पडलो," हरिदास म्हणाला.

"तयहात टेकला होता?"

"हो. तयहातावरच पडलो."

केसरबाई खांबाला टेकून उभी होती. हात उलट्या बाजूनं आपटला होता, हे तिला माहीत होतं. मंगरूनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ज्याचा हात, त्याचंच तोंड. मंगरूनं हाडजोडीच्या वेलीचा लेप लावला, तळहातावर पडणाऱ्याचं बांधतात तसं मनगट खाली वाकवून बांबूच्या कामट्या बांधल्या. त्याचं चुकलं नाही. त्याला जे सांगितलं, ते त्यानं बांधलं.

कामट्या सुटल्या तेव्हा मनगट खाली झुकलेलंच राहिलं. बोटं सुजलेली, कातडी तकतकीत, मूठ वळेना. वारा लागला तरी हाताची आग व्हायची. हरिदास तो हात ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसू लागला. झोप उडाली. जेवण तुटलं. खाणीतल्या साहेबानं सांगून ठेवलं होतं की डॉक्टरी तपासणीत हात चालला तर टेकूचं काम राहील, नाही तर नाव कमी होईल.

पुढच्या पौर्णिमेला लोकांनी त्याला धरूनच विहारात नेलं. म्हणाले, वंदना म्हटली की बरं वाटेल. तो पुढं बसला. हात जोडायला गेला तर उजवा डाव्याला लागेना. बोटं वेडीवाकडी, मध्ये फट. तरी त्यानं सुरू केलं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. "मुसावादा..." आणि आवाज थांबला. मागं सगळी वस्ती थांबली. त्यानं पुन्हा म्हटलं, "मुसावादा..." आणि पुन्हा तिथंच. कोणाचं तरी लेकरू हसलं. देवरावनं पुढं होऊन उरलेलं म्हणून टाकलं.

त्या दिवसापासून हरिदासनं बोलणं सोडलं. दोन-चार दिवसांनी एकच वाक्य बोलला, "हा हात माहा नोहे."

बायनाबाईनं कपाळ बडवलं. तिला कारण सापडलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून तिनंच नदीत टाकले होते. "त्या देवांनीच हात धरला त्याचा. पुजाऱ्याकडे नेतो. काळी कोंबडी मागते, दुसरं काय."

"देव टाकले तुमी," केसरबाई म्हणाली, "अन् हात धरला ह्यांचा? देवाले घर ओळखू येते, माणूस नाई ओळखू येत?"

"तुले नवरा बरा व्हावा असं वाटतच नाई."

"तुमाले खरं बाहेर यावं असं वाटत नाई."

बायनाबाईच्या हातातलं लाटणं तिच्या पायापाशी येऊन पडलं. केसरबाईनं ते उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं.

शेवटी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडाच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडापुढं धरला आणि हरिदासला विचारलं, "कसे पडलात?" "सायकलवरून, साहेब," बायनाबाई म्हणाली. डॉक्टरनं पुन्हा एक्स-रेकडे पाहिलं, खांदे उडवले. सांगितलं, रोज मिठाच्या गरम पाण्यात हात, मग एकेक बोट वाकवायचं, मनगट वर उचलायचं. दुखेल, तरी करायचं. नाही केलं तर हात असाच लाकूड होईल. मग त्यानं त्यांना मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

हा डॉक्टर तरुण होता, नवा होता, घामेजलेला होता. त्यानं झोपेच्या गोळ्या लिहिल्या. मग विचारलं, "देवाधर्माचं काही करतात का हे?"

"आमी बौद्ध आहोत," केसरबाई म्हणाली. "देव नाई आमच्यात. वंदना म्हणतात."

"म्हणतात अजून?"

"चौथ्यावर अडतात."

"चौथं काय असतं?"

"खोटं बोलणार नाही."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. हरिदासची मान आणखी खाली गेली. बायनाबाई घाईघाईनं म्हणाली, "साहेब, सायकलचा हँडल अजून वाकडाच आहे. येऊन पाहा पायजे तर."

डॉक्टरला सायकलचं काही कळलं नाही. पण तो म्हणाला, "यांची श्रद्धा तोडू नका. पुजाऱ्याकडे नेऊ नका, गोळ्या बंद करू नका. आणि जिथं अडतात तिथून त्यांना एकट्यानं पुढं जाता येणार नाही. तुमच्यातलं कोणी वडीलधारं सोबत बसवा."

घरी आल्यावर हात चोळायचं काम केसरबाईच्या वाट्याला आलं. बायनाबाईनं मिठाचं पाणी तापवून तिच्यापुढं ठेवलं. केसरबाईनं पदर खोचला नाही. भिंतीला टेकून बसली.

"चोळीन मी," ती हरिदासला म्हणाली. "रोज चोळीन, तुमची नोकरी वाचवाले जे लागते ते करीन. पण हा हात बरा होईल त तो पहिल्यांदा कोणावर उठेल, मले माहीत आहे. म्हणून आधी विहारात सांगा, कसा मोडला."

"नवऱ्याच्या हाताचा सौदा करते!" बायनाबाई किंचाळली. "बाजार मांडला हिनं!"

"तुमी चोळा मंग. तुमचाच लेक हाय."

बायनाबाईनं चोळून पाहिलं. हरिदास आईच्या हातात लहान पोरासारखा विव्हळायचा आणि ती लगेच सोडून द्यायची. पाणी निवायचं. बोट तसूभर वाकत नव्हतं. तपासणीची तारीख जवळ येत चालली.

बायनाबाईनं देवरावला बोलावून आणलं. वडीलधारं माणूस म्हणून तोच होता. तो खाटेवर बसला, चहा घेतला. बायनाबाईनं त्याला सगळं खरं सांगितलं, पण असं सांगितलं की शेवटी दोष वाकणाऱ्या सुनेचाच निघाला. देवरावनं केसरबाईकडे पाहून घसा खाकरला.

"बाई, घरातलं घरात ठेवावं. विहारात आणू नये. बाकीचे लोक आधीच आपल्याले हसाले टपले असतात. उद्या म्हणतील, पंचशील म्हणते अन् बायकोले मारते."

"मारत नाई काय मंग?"

"तसं नाई म्हणत मी..."

"मंग कसं म्हणता, भाऊ? म्हणा ना एकदाचं."

देवरावनं बशी खाली ठेवली. "हरिदासनं वंदना सोडावी. दुसरा कोणी म्हणेल. कोणाले काही सांगाची गरज नाई. समितीत मी सांभाळतो."

तेव्हा हरिदास भिंतीकडून वळला. कितीतरी दिवसांनी त्यानं पूर्ण तोंड इकडे केलं होतं. वंदना गेली, की त्याच्यापाशी त्याचं असं काहीच उरणार नव्हतं. खाणीत तो नंबर होता, घरात धाक होता. माणूस तो पौर्णिमेला, त्या आवाजात होता. देवरावला हे समजलं नाही. केसरबाईला समजलं, आणि तिला त्याची दया आली नाही. तिला फक्त इतकं कळलं की आता हा सांगेल.

पुढच्या पौर्णिमेला तो स्वतः चालत गेला. मागच्या रांगेत बसला. देवराव पुढं. वंदना सुरू झाली. चौथं शील आलं तसा हरिदास उभा राहिला. देवरावनं आवाज चढवला, तो उभा दिसलाच नाही असं दाखवलं. पण बाकीचे थांबले होते.

"सायकलवरून नाई पडलो," हरिदास म्हणाला. आवाज फाटलेला, न वापरलेला. "केसरले माराले गेलो. ते वाकली. हात चौकटीले लागला. मंगरूले खोटं सांगितलं, म्हणून वाकडा बसला." मग थांबून, "त्याच्या आधीही मारलं," असं म्हणाला आणि मटकन खाली बसला.

बायांच्या बाजूनं शेजारची ठमाबाई मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरी पण चौकट लोखंडाचीच हाय." दोघी-तिघी हसल्या. पुरुष खाली पाहू लागले. देवराव घाईनं म्हणाला, "पाचवं शील म्हणा." हरिदासनं आधी चौथं म्हटलं, अखेरपर्यंत; मग पाचवं.

कोणाला वाटेल, वस्ती केसरबाईच्या बाजूनं झाली. नाही झाली. दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याशी कोणी बोललं नाही. चार लोकांत नवऱ्याला नागडं केलं, ही कसली बायको, असं बाया म्हणू लागल्या. ज्या हसल्या होत्या, त्याही. बायनाबाईनं तर तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

केसरबाईनं मात्र शब्द पाळला. त्याच संध्याकाळी पदर खोचून बसली. त्याचं बोट धरलं आणि वाकवलं. तो ओरडला.

"दुखते वो!"

"दुखते तर दुखू द्या. मले का कमी दुखलं?"

आईसारखी ती थांबायची नाही. तो रडायचा, शिव्या द्यायचा, पाणी लाथाडायचा. ती पुन्हा तापवायची. तिच्या बोटांत माया नव्हती, आणि म्हणूनच बहुतेक काम होत होतं. आग हळूहळू कमी झाली. झोप येऊ लागली. गोळ्यांनी म्हणा, की त्या पौर्णिमेनं. केसरबाईनं यावर कधी डोकं चालवलं नाही. मूठ अर्धी वळली. तपासणीत डॉक्टर म्हणाला, टेकू ठोकता येणार नाही. पण नाव कमी झालं नाही. वर दिवेघरात कामगारांना दिवे वाटायचं काम मिळालं. हरिदास वंदना म्हणू लागला. हात जोडताना मध्ये फट राहायची, ती राहिलीच.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, भात करपला म्हणून की पोराला शाळेत घातलं म्हणून, आता दोघांनाही आठवत नाही, भांडण झालं आणि हरिदासनं हात उगारला. उजवा उठत नव्हता. डावा उगारला.

केसरबाई वाकली नाही. चुलीपाशी होती तशीच उभी राहिली. "उजव्याचं विहारात सांगून झालं," ती म्हणाली. "डाव्याचं कुठी सांगता? पौर्णिमा परवा हाय."

हात बराच वेळ वर राहिला. बायनाबाई दारातून पाहत होती, या वेळी काही बोलली नाही. मग हरिदासनं त्याच हातानं खुंटीवरचा सदरा ओढला, तो खांद्यावर टाकला आणि न जेवताच बाहेर निघून गेला. केसरबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं नाही. भात तिनं पोराला वाढला, उरला तो स्वतः खाल्ला.