तिसरा दगड

चाचा मोठ्याने मोजायचे. "एक. दोन. तीन." बालवाडीच्या बाई मुलांना शिकवतात तसं, प्रत्येक आकड्याला एकेक दगड उचलून रस्त्याकडेच्या गवतात टाकत. भर मे महिन्यात अंगात नारिंगी चमकणारं जाकीट, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, आणि त्यांच्या क्रेनला मागे टांगलेली कुणा पाहुण्याची बंद पडलेली मोटार. मोटारीचा मालक घड्याळ बघून उसासे टाकतोय, त्याची बायको टोपीने वारा घेतेय, पण 'तीन' झाल्याशिवाय चाचा स्टिअरिंगला हात लावायचे नाहीत. मग बिस्मिल्ला म्हणायचे आणि निघायचे.

दगडांचं प्रकरण आमच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गाडी बंद पडली की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ड्रायव्हर मंडळी रस्त्यात दगड मांडतात, वर झाडाची फांदी खोचतात. इथपर्यंत ठीक. पण गाडी सुरू झाली किंवा कुणी ओढून नेली की सुटलो एकदाचे म्हणून सगळे निघून जातात आणि दगड राहतात तिथेच. तसल्याच एका दगडावर आमच्या ह्यांची स्कूटर उडाली. नागाव-रेवदंडा रस्त्यावर, दिवेलागणीच्या वेळी. उजवा पाय गुडघ्यातून जो ताठला, तो आजतागायत वाकलेला नाही. आणि तो दगड चाचांचा होता. हे आधीच सांगून टाकते. मला गोष्ट फिरवून फिरवून सांगता येत नाही आणि ऐकवतही नाही.

दगडावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कुणालाही पत्ता लागला नसता. पण तिसऱ्या दिवशी एक दाढीवाला माणूस इस्पितळात ह्यांच्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दगड माझा व्हता, भाऊ. टेम्पो उचलला, दगड उचलायचा ऱ्हायला." मी तिथेच होते. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. फटकळ म्हणून मी गावात प्रसिद्ध आहे, त्या दिवशी मात्र मी माझ्याही वर गेले. माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. मी दमल्यावर त्याने ह्यांना विचारलं, "पानी देऊ?" आणि ह्यांनी, अहो, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने, त्याच्या हातून पाणी घेतलं! मी आठवडाभर ह्यांच्याशीही बोलले नव्हते.

पुढे दैवाने माझी चांगलीच खोड मोडली. आमच्या वाडीत आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या. पाहुणे म्हणजे गाड्या, आणि गाड्या म्हणजे नागावच्या वाळूत रुतणं हे ठरलेलंच. कितीही सांगा, "किनाऱ्यावर गाडी नेऊ नका," मान डोलावतात आणि नेतातच. वेळेवर येणारी क्रेन आसपास एकच, चाचांची. झक मारत मलाच फोन करावा लागायचा. ते यायचे, काम करायचे, अंगणात ह्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे. नुसतं पाणी. आमच्या घरी पोस्टमन, गॅसवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, कुणीही चहाशिवाय गेलेलं नाही. चाचांना मात्र मी कधी 'चहा घेता का' म्हटलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, चांगली सात-आठ वर्षं. त्यांना ते कळत होतं आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं.

पण आपल्याला आवडत नाही म्हणून माणसाचं काम दिसायचं राहत नाही. चाचा आले की गाडीकडे बघायचेच नाहीत. आधी माणसं बघायचे. "उतरा. सगले उतरा. रस्त्याच्या खाली, त्या माडाजवळ उभे ऱ्हावा." कुणी म्हणालं, एसी चालू आहे, आम्ही आत बसतो, की चाचा हात मागे बांधून नुसते उभे राहायचे. उतरेपर्यंत क्रेनचा आकडा गाडीला अडकवायचे नाहीत. गाडीशी वाकायचे तेसुद्धा रस्त्याकडे तोंड करून. "येनाऱ्या गाडीला पाठ दाखवायची न्हाय," असं त्यांचं म्हणणं. "पाठीला डोले नसतात, आनि ड्रायव्हर फोनवर असतो." जाकीट स्वतःच्या हाताने रोज धुवायचे. मळलं की ते चमकत नाही म्हणे.

एकटी बाई अडकली असेल तर त्यांची पद्धत आणखी वेगळी. पनवेलची एक शिक्षिका मुलीला घेऊन आमच्याकडे उतरली होती, तिची गाडी चौलजवळ बंद पडली. चाचांनी आधी तिला घरी फोन लावायला लावला. "माझं नाव सांगा, माझ्या गाडीचा नंबर सांगा, कुठं नेतो ते सांगा. मंगच माझ्या गाडीत बसा." ती बाई रात्री जेवताना मला म्हणाली, "इतकी वर्षं गाडी चालवतेय, असं कुणी वागलं नव्हतं." मी तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. माझ्या तोंडून 'हो' काही निघालं नाही.

आणि त्यांची ती गोधडी! वाळूतली गाडी तारेच्या दोराने ओढायची असली की ताणलेल्या दोरावर चाचा एक जुनी, ठिगळांची गोधडी ओली करून टाकायचे. त्यांच्या बायकोच्या हातची. पाहुणे फिदीफिदी हसायचे. एकदा पुण्याचा एक तरुण इंजिनिअर मोबाइल उगारून दोराच्या अगदी जवळ गेला, व्हिडिओ काढायला. भरती चढत होती, मागच्या चाकांना लाटा लागत होत्या, त्याचा बाप "ओढा, ओढा!" म्हणून ओरडत होता. चाचांनी दोर ओढणारं यंत्र बंद केलं. "हा पोरगा मागे जाईपर्यंत समुद्र गाडी घेऊन गेला तरी चालंल मला," ते म्हणाले. पोरगा फणफणत मागे सरला. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि मिनिटाभरात दोर तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. पण ओल्या गोधडीच्या वजनाने दोर तिथल्या तिथे वाळूत पडला. तो इंजिनिअर मटकन खाली बसला. चाचांनी गोधडी उचलून झटकली, फाटलेलं ठिगळ बघितलं आणि म्हणाले, "आता ही वरडनार मला." मला हसू आलं होतं. मी तोंड फिरवलं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

ही सगळी शिस्त ते कुवेतला शिकले होते. तिथे बारा वर्षं क्रेन चालवली होती. एकदा हे त्यांना सहज म्हणाले, "मग चाचा, तेव्हा तो दगड कसा राहिला?" मी आतून कान टवकारले. चाचा म्हणाले, "तिकडं बघनारा व्हता, भाऊ. इकडं आलो, कोन बघत न्हाय, म्हनून मी बी इकडच्यासारखा झालो." त्या दिवसापासून त्यांनी नेम केला. धोक्याचा लाल तिकोन ते लावायचेच, पण दगड ठेवावे लागलेच तर तीनच, कमी नाही, जास्त नाही. ह्यांच्या वेळी किती ठेवले होते तेच त्यांना आठवत नव्हतं, म्हणून एक राहिला.

मग ती दुपार आली. पाहुण्यांची जेवणं व्हायची होती, मी चुलीशी होते. निघालेल्या एका कुटुंबाची गाडी आमच्या फाटकाबाहेरच, वळणाच्या तोंडाशी बंद पडली. मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी येतो तवर एक काम करा. गाडीच्या मागे चालीस पावलं चाला, वलणाच्या पलीकडं, आनि तीन दगड ठेवा. माणसं आत घ्या." मी कुंपणाजवळच्या ढिगातले तीन दगड नेऊन ठेवले. दोन वळणाच्या अलीकडे, एक पलीकडे. चाचा आले, गाडी चढवली, आणि पट्टे आवळता आवळता मला म्हणाले, "वहिनी, तुमचे तीन तुमीच उचला." मी दोन उचलून कुंपणाशी टाकले. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. तव्यावर भाकरी! मी धावले. मागून चाचांचा आवाज आला, "तीन?" आणि मी पळता पळता ओरडले, "हो हो, तीन!"

भाकरी वाचली नाही. दुसरी थापायला घेतली आणि हात पिठातच थांबला. दोन. मी दोनच उचलले होते. आणि हे अलिबागच्या बाजारातून निघाले होते, बाजूला चाकं लावलेल्या त्यांच्या स्कूटरवरून, त्याच वळणाने. पिठाच्या हातांनी मी फाटकाबाहेर धावत सुटले.

वळणापलीकडे चाचा वाकलेले होते. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. त्यांनी कुंपणाशी दोनच दगड बघितले होते. क्रेन पुढे देवळाजवळच्या मोकळ्या जागेत लावून रणरणत्या उन्हात चालत परत आले होते. त्यांनी दगड उचलला, माझ्याजवळून नेऊन त्या दोन दगडांशेजारी ठेवला आणि म्हणाले, "तीन." पाच मिनिटांनी ह्यांची स्कूटर त्या वळणावरून आली. पिशवीत कोलंबी, तोंडात शीळ.

मी रडायला लागले. रस्त्यात, सगळ्यांसमोर. "चाचा, मी खोटं बोलले हो."

"खोटं न्हाय, वहिनी. भाकरी करपत व्हती."

मग पहिल्यांदाच मी विचारलं, "त्या दिवशी तुमचं काय करपत होतं?"

चाचा जरा वेळ जाकिटाची चेन वरखाली करत राहिले. "रोज्याचे दिस व्हते. मगरिबची, सांजची बांग व्हायला आली व्हती. घरी ती खजूर घेऊन बसलेली, माझ्याबिगर रोजा सोडत नसे. म्हनून घाई केली." मग घाईघाईने म्हणाले, "पन ते सांगायचं कारन न्हाय. तुमच्या भाऊंचा पाय काय त्याच्याने वाकनार हाय?"

आठ वर्षं हा माणूस माझ्या अंगणात नुसतं पाणी पिऊन जात होता आणि हे एक वाक्य त्याने तोंडाबाहेर काढलं नव्हतं. मी आत गेले. आलं ठेचलं, दूध घातलं, चहा उकळला. कपबशी पुढे केली तेव्हा चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "साखर डॉक्टरने बंद केलीया," ते म्हणाले, आणि तो गोड चहा थेंब न ठेवता प्यायले. त्यानंतर चहाशिवाय ते कधी गेले नाहीत. साखर मी हळूहळू कमी केली.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. घरी, अंथरुणात, झोपेत. रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला असं मरण येणं हे आम्हाला फार मोठं वाटलं. रेवदंड्याच्या पुलापलीकडे त्यांच्या घरी आम्ही दोघं रिक्षाने गेलो. ओट्यावर नारिंगी जाकीट वाळत होतं. आदल्या दिवशी त्यांनीच धुतलेलं. त्यांच्या बायकोने ते काढलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले.

परतताना चौलच्या अलीकडे रस्त्यात एक दगड दिसला. शेजारी सुकलेली फांदी. गाडीचा पत्ता नाही. हे ओरडले, "थांबव!" ताठ पाय बाजूला पसरून, काठीवर भार देऊन हे वाकले आणि दगड उचलला. "एक." चार हातांवर दुसरा होता. "दोन." मग हे तिसरा शोधायला लागले. डांबरावर, कडेला, गवतात. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, "अहो, सगळ्यांचे कुठे तीन असतात? ते चाचांचे असायचे."

"तिसरा असणार," हे म्हणाले. डोळे पुसत होते आणि काठीने गवत बाजूला सारत होते. "असा सोडून कसं जायचं?"

मी रिक्षातून उतरले, ह्यांचा दंड धरला.

"चला," मी म्हटलं. "तिसरा चाचांनी उचललाय."