एकच दार वाजलं

ये ग पोरी, जवळ ये, कागदातून का होईना. आधी तुझे कान धरते. नवी गाडी घेतलीस, मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरहून लाखनीला गेलीस, म्हणजे कारध्याचा पूल ओलांडून गेलीस, आणि मोहाडीकडे वळली नाहीस. आजी काय रस्त्यावरचा दगड आहे? वर तुझी आई सांगते, रविवारी तू त्या गाड्यांत फेरफार करणाऱ्या, त्या सजवणाऱ्या मंडळींत जाऊन उभी राहतेस. तुला वाटत असेल हे खूळ तुमच्या पिढीनं काढलं. तर ऐक.

माझे भासरे, म्हणजे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ, गाडीचं इंजिन दातांनी ऐकत. खोटं नाही सांगत. बांबूची एक गुळगुळीत काडी होती. तिचं एक टोक चालू इंजिनवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. "कान फसवते, दात नाही फसवत," असं म्हणत. मी नवी नवरी होते तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि आत जाऊन सासूबाईंना विचारलं, "यांना काही होतं का?" त्या म्हणाल्या, "होते काय, लगन नाही केलं त्यानं, गाडी केली."

ती गाडी म्हणजे जुनी अँबॅसिडर. भासऱ्यांनी तिचं मूळचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, मागे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्ट्या घातल्या, सायलेन्सर कापून आपल्या मनासारखा जोडला. तिला ते 'म्हातारी' म्हणत. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. दर रविवारी सकाळी दोघे भाऊ तिच्यात बसून कारध्याला जात. तिथे वैनगंगेच्या काठी आमराईत असेच चारपाच गाडीवेडे जमत. कोणाची जीप, कोणाची फटफटी. लाखनीचे एक गुरुजी होते, त्यांनी जीपला मागे चक्क लाकडी घर बांधलं होतं. बॉनेटं उघडायची, एकमेकांना नावं ठेवायची, माझ्या हातची बेसनाची पातोडी खायची. मग त्यांचा एक खेळ असे. सगळ्यांनी नदीकडे तोंड करून बसायचं, एकाने मागे जाऊन कुठलीही गाडी चालू करायची, आणि न वळता आवाजावरून सांगायचं की गाडी कोणाची आणि तिला काय दुखतं. भासरे नेहमी सगळ्यांच्या आधी सांगत.

आता तुला आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भासऱ्यांशी भावजयीनं बोलायचं नसे. समोर आले की डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडे. पण एका घरात राहून बोलल्याशिवाय कसं भागेल? म्हणून आम्ही गाडीशी बोलायचो. ते अंगणात तिच्या चाकाशी बसून म्हणत, "म्हातारे, घरात सांग, डब्यात मिरची कमी टाका. गुरुजीचं पोट बिघडून राहिलं." मी दारामागून म्हणे, "म्हातारे, त्यांना सांग, गुरुजी पातोडी कमी खातील तर पोट बरं राहील." ते हसत, पण माझ्याकडे बघून नाही, गाडीकडे बघून.

आणि एक गोष्ट होती, ती मी फार कोणाला सांगितली नाही. त्या गाडीचा आवाज गाडीच्या आधी घरी येत असे. पहिल्यांदा झालं तेव्हा दुपार होती. गल्लीत म्हातारीची घरघर ऐकली, अंगणात येऊन बंद झाली, दारं वाजली. आधी डावीकडचं, तुझ्या आजोबांचं, हलकं. मग चालवणाऱ्याच्या बाजूचं, ते नीट लागत नसे म्हणून दणकून ओढावं लागे. मी पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर अंगण रिकामं. कुत्रं मात्र उभं राहून शेपूट हलवत होतं. चहाला आधण येईल एवढ्या वेळानं गाडी खरीच आली, तशीच बंद झाली, तशीच दोन दारं वाजली. सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदाच ऐकलं होतं.

पुढे ते वरचेवर होऊ लागलं. मी घाबरून एकदा गाडीलाच विचारलं, "म्हातारे, तू दोनदा कशी येतेस?" भासरे चाकाशी होते. पान्हा फिरवता फिरवता ते थांबले. मग हळूच म्हणाले, "सांग तिले, भेव नोको म्हणा. म्हातारी आपल्या आधी घरी जाते. आपण नुसते तिच्या मागं मागं येतो." म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. घरात आम्हा दोघांनाच. मला तेव्हापासून त्या आवाजाची भीती वाटेनाशी झाली. माणसं येतायत, एवढाच त्याचा अर्थ. मी आवाज ऐकून भात चढवू लागले.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ, अजून कोणी कुठे निघालं नव्हतं. म्हातारी अंगणात उभी, बॉनेट उघडं, इंजिन बंद. भासरे वाकून तेल बघत होते. तुझे आजोबा मागे विहिरीवर आंघोळ करत होते. मी डबा बांधत होते. आणि गल्लीतून म्हातारीची घरघर आली. समोर ती उभी असताना. आवाज अंगणात शिरला, थांबला. मी दार वाजायची वाट पाहिली. डावीकडचं वाजलंच नाही. चालवणाऱ्याचं तेवढं दणकून वाजलं, आणि मग काही नाही.

भासरे सरळ झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. चालवणारा परत येणार होता. शेजारी बसणारा नाही. माझा पदर कुठे होता मला माहीत नाही. मी रीत सोडून बोलले, "भाऊजी, यांना आज नेऊ नका."

त्यांनी मान फिरवली, गाडीच्या टपावर हात ठेवला. "म्हातारे, सांग तिले, धाकटा आज घरीच राहाते. आपण येकटेच जाऊ. मंग येकच दार वाजंल. बरोबर होते."

तुझे आजोबा भांग पाडून आले आणि चिडले. "काहून दादा? मले काहून नाही नेत?"

"तू जाडा झाला बे. आज गाडी हलकी चालवून पाहून राहिलो."

"मी जाडा झालो?"

"डबा पाह्य आन् पोट पाह्य," असं म्हणून ते हसले, गाडी काढली आणि गेले.

मी दिवसभर निवांत होते, खोटं कशाला सांगू. माझा माणूस घरी होता. भासरे एकटे गेले, एकटे येणार, एक दार वाजणार. उन्हं कलली तेव्हा गाडी आली. या खेपेला सासूबाईंनीही मान वर केली, म्हणजे खरीच आली. थांबली. चालवणाऱ्याचं दार दणकून वाजलं. मी तांब्या घेऊन बाहेर आले.

गाडीतून गुरुजी उतरले.

त्यांच्या हातात टोपी होती. ते म्हणाले, खेळ चालू होता. सगळे नदीकडे तोंड करून बसले होते. मागे गाडी सुरू झाली, बराच वेळ चालली, आणि भासरे काही बोललेच नाहीत. सगळ्यांना वाटलं, आज मोठ्या भाऊंना ओळखू येत नाही, त्यांना विचार करू द्या. मग इंजिन बंद झालं, सगळे वळले, ते वळले नाहीत. त्यांना जीपमध्ये घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, पण तिथे करण्यासारखं काही नव्हतं. गुरुजी म्हातारीला घेऊन निरोप सांगायला आले होते.

गाडी पुढे तुझ्या आजोबांनी गुरुजींनाच देऊन टाकली. आमराईत मंडळी जमायची हळूहळू बंद झाली. वर्षश्राद्ध झाल्यावर मी तुझ्या आजोबांना सगळं सांगितलं, सकाळचा आवाज, मी काय बोलले, ते काय बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे दादानं मले वाचवलं, का मी संग असतो तं दादाले वाचवलं असतं?"

त्यांनी पुन्हा कधी ते विचारलं नाही, पण रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून, भांग पाडून, तयार होऊन बसत. शेवटपर्यंत.

आता ते नाहीत, आणि तो प्रश्न माझ्या एकटीकडे राहिला आहे. तू इंजिनं उघडून बघणारी मुलगी. कदाचित तुला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल. फोनवर नको. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. पुढच्या रविवारी तुझ्या त्या मंडळींना सांग की आजी बोलावते, आणि मोहाडीला ये. ऊन चढायच्या आत निघ, जेवायला मी थांबते.