दौंडच्या यार्डातली बेटं

तुम्ही हसाल, खुशाल हसा... मीही हसलेच असते. धम्म घेतल्यापासून आमच्या घरी अंगारे-धुपारे, देवऋषी सगळं बंद. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर वेडा म्हणायची.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वडील रेल्वेत, म्हणून माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. सासर भीमेकाठचं, वडगाव रासाई. लग्नाला वर्ष झालं आणि हे मला माहेरी सोडायला आले. म्हणाले, "बेटावर कामाला चाललोय. सालभर येणं व्हायचं न्हाई."

"अगंबाई! बेट म्हणजे समुद्रात?"

"मंग काय तर!" — आणि हसले.

मी कॉलनीत वाढलेली. बेट म्हणजे शाळेच्या नकाशातला ठिपका, एवढंच मला ठाऊक.

चैत्रातली भर दुपार. पान हलत नव्हतं. क्वार्टरमागं दोरीवर चादर टाकत होते, तर ती एकदम फडफडत तोंडावर आली. वारा गार, खारट... चादर बाजूला केली तर समोरचं यार्डच नाही! करडा समुद्र, त्यात एक मोठं बेट, मागं दोन लहान. झाड म्हणून एक नाही. गुडघाभर गवत, सगळं एकाच अंगाला लोळलेलं. एका बाजूला सरळ तुटलेले कडे — तिथून ओढा खाली पडायला जायचा आणि वारा त्याचं पाणी पुन्हा वर उडवायचा. दुसरी बाजू उतरती, काळ्या वाळूची. माणूस कुठंच नाही.

मग रोज दुपारी दिसायला लागलं. घाबरले नाही हो मी, ह्यांना शोधत बसायची. आईला वाटलं, पोरीला ऊन लागलं. शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांना सांगितलं तर त्यांनी नकाशाचं पुस्तक उघडलं. मग म्हणाले, "लांब दक्षिणेला अशी बेटं आहेत. कायम पश्चिमेचा वारा, झाड तग धरत नाही, लाटा तीच बाजू खातात. पण तुला हे कुणी सांगितलं?" माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे खरंच तिथं होते!

पावसाळा सरता सरता धाकटा दीर आला. मान खाली घालून म्हणाला, "वयनी, दादाची वाट बघू नगा. त्यो बेटात हाय."

"माहितीये. मी रोज बघते."

"काय बघता? अवो, शिरूरचं बेट! दोन नद्यांच्या मधल्या गावांना बेटच म्हणत्यात. कवठे येमाईला ऱ्हातो त्यो... दुसरीसंगं."

वडिलांना घेऊन मी तिथं गेले. हे दारात बाजेवर बसलेले, आत ती भाकरी थापत होती. मला बघून म्हणतात कसे, "बेटच म्हणलो व्हतो की! खोटं काय बोललो?" वर पुन्हा हसू. पायातली चप्पल काढली आणि हाणली. सगळी आळी बघत होती, बघू दे!

ती बेटं त्या दिवसापासून परत दिसली नाहीत. ह्यांनी तर जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नवऱ्याचा राग केव्हाच विझला. माणूसच लबाड, त्यानं फसवलं. पण मी डोळ्यांनी पाहून विश्वास ठेवला होता. त्या मेल्याची एक थाप खरी ठरवायला एवढा समुद्र माझ्यापुढं कुणी आणून ठेवला? माझ्याशी असं कोण वागलं, ते मला अजून कळलेलं नाही.