दुभाजकात अडकलेली आई

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सोमवारी सकाळी पावणेसात वाजता, आमच्या बिल्डिंगच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या मधोमध. हातात डबा, एक पाय दुभाजकाच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि पोट रेलिंगच्या दोन लोखंडी गजांत अडकलेलं. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होते. ते रेलिंग मीच मागितलं होतं.

आमचा रस्ता पुढे काशीमीऱ्याला हायवेला मिळतो, म्हणजे ट्रक, टेम्पो, सगळंच. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये मावशी एकटी राहते. तिला आता नीट दिसत नाही. म्हणून रोज सात वाजता आई जाऊन तिला इन्सुलिन देते आणि लगेच समोर बसून खायला घालते. इतकी वर्षं ती हात वर करून रस्ता ओलांडायची, गाड्या शिव्या देत का होईना, थांबायच्या.

मग एका टेम्पोने आमच्या दूधवाल्याला उडवलं. पाय मोडला त्याचा. मी पेटले. पत्रक काढलं: ‘रस्ता रक्ताळला, साहेब पेंगुळला!’ खाली तीन मागण्या. स्पीडब्रेकर, झेब्रा क्रॉसिंग, दुभाजकाला रेलिंग. पहिली सही आईची. तिने विचारलंही होतं, “रेलिंग लावल्यावर मी जायचं कुठून गं?” मी म्हटलं, “आई, क्रॉसिंग पण मागितलंय ना!”

मिळालं फक्त रेलिंग. आणि मी मूर्ख, त्याच्यासमोर फोटो काढून ‘लढ्याला यश’ म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकला. पेढेसुद्धा वाटले.

मध्ये कोणी येणार नाही हे कळल्यावर गाड्या सुसाट सुटल्या. मावशीकडे जायला आता सिग्नलपर्यंत चालायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. फुटपाथवर गॅरेजवाल्यांचे टायर, म्हणून ट्रकच्या कडेकडेने. एकदा आईने रिक्षा थांबवली. रिक्षावाला हसला, “माताजी, सामने ही तो है, चलके जाओ.”

“चलके कैसे? उडके जाऊं?”

घरी येऊन हे तिने हसत सांगितलं. पण हळूहळू तिचं भाजी आणायला जाणं बंद झालं, मग भजन. फक्त मावशीचं इंजेक्शन तेवढं राहिलं. दुपारभर गॅलरीत बसून समोरच्या खिडकीकडे बघायची. मी विचारलं तर म्हणायची, “काही नाही, बसलेय.”

कोणीतरी रेलिंगचे दोन गज वाकवून फट केली. लोक तिथून जायला लागले. आईसुद्धा, मी अंघोळीला गेले की, मला चोरून. सोमवारी अंघोळीला गेले तर नळाला पाणीच नव्हतं, म्हणून मी गॅलरीत आले.

खाली धावले, पण रस्त्याच्या कडेलाच अडकले. हात वर केला. एकही गाडी थांबेना. आईच्या अगदी पाठीला घासून जाणारा बाईकवाला ओरडला, “आंटी, मरना है क्या?”

“इंजेक्शन देना है!” आई ओरडली.

कशीबशी पोचले. मी ओढायला लागले तर म्हणाली, “ओढू नकोस गं, पदर अडकलाय. आधी डबा धर.” मी पदर सोडवला, तिने श्वास आत घेतला, आणि ती पलीकडे निघाली, डबा घेऊन मागोमाग मी. मावशीपाशी पोचेपर्यंत सव्वासात झाले होते. परत येताना म्हणाली, “पुढच्या पत्रकात माझ्या पोटाचं माप टाक.” मला हसता आलं नाही.

त्याच दिवशी महापालिकेच्या ऑफिसात गेले. साहेबांनी फाइलीतून माझंच पत्रक काढलं आणि तिसऱ्या मागणीवर बोट ठेवलं. “सही तुमचीच ना, मॅडम?”

माझीच.

आता नवा अर्ज लिहिलाय, आईला वाक्यावाक्याला विचारून. आमच्या गेटसमोरचं रेलिंग कापा, तिथे उंचवट्याचं क्रॉसिंग करा, दोन्ही बाजूंना स्पीडब्रेकर टाका. तिन्ही एकदम. यमक नाही, घोषणा नाही. सोसायटीतले गाडीवाले सही करत नाहीत. म्हणतात, “गाड्या तुंबतील. आणि तूच तर मागितलं होतंस.”

मागितलं होतं. चुकलं. पण आई उद्याही पावणेसातला निघणार आहे, त्याच फटीतून. तुम्ही या रस्त्यावरून गाडी चालवत असाल, तर अर्जावर आधी तुम्ही सही करा. आणि उद्या सकाळी दुभाजकापाशी हातात डबा घेतलेली बाई दिसली, तर हॉर्न वाजवू नका. ब्रेक दाबा.